आजीच्या घरात मुलांना काम मिळवून देताना

जर्मनीच्या नागरी कायद्यात १६१९ क्रमांकाचे एक कलम आहे. मूल जोवर आईवडिलांच्या घरात राहते आणि ते त्याचे पालनपोषण करतात, तोवर आपल्या ताकदीला आणि परिस्थितीला झेपेल अशा रीतीने घरकामात आणि आईवडिलांच्या व्यवसायात हातभार लावणे हे त्या मुलाचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. हा कायदा १९०० सालापासून लागू आहे. स्टुटगार्टला राहत असताना शेजारच्या एका बाईंनी मला हे हसत हसत सांगितले, तेव्हा मुलांनी भांडी पुसावीत म्हणून सरकारने कायद्यात कलम घालावे याची मला गंमत वाटली होती. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिल्यावर मात्र वाटू लागले की, इथे असा कायदा करायचाच झाला तर तो उलट्या बाजूने करावा लागेल. मुलांच्या हातातले काम काढून घ्यायला आजी, आत्या, काकू आणि शेजारीण या सर्वांना मनाई करणारा तो कायदा असेल, आणि तो कोणी पाळणार नाही.

आम्ही परत आलो ते कोणतेही तत्त्वज्ञान घेऊन आलो नाही. सासरे गेल्यावर सासूबाई घरात एकट्या होत्या, नवऱ्याचे काम घरी बसून होण्यासारखे होते, गावात इंटरनेटची तार पोहोचली होती, आणि मुले आणखी मोठी झाली तर मराठी शाळेत रुळणार नाहीत ही धास्ती होती. थोरली मुलगी आता दहा वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा सात वर्षांचा. चिरेबंदी कौलारू घर, पुढे पडवी आणि अंगण, मागे विहीर आणि समुद्राच्या बाजूला उतरत गेलेले नारळी-पोफळीचे आगर, असा सगळा पसारा आहे, आणि त्या पसाऱ्याला दिवसभर काही ना काही काम लागते. इतके काम असलेल्या घरात मुलांना काम मिळत नाही, अशी तक्रार करावी लागेल असे मला कोणी आधी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

तिकडे मुले घरकाम करत असत, याचे श्रेय फारसे कोणाकडेच जात नाही. तिथे दुसरे कोणी नव्हतेच. आम्ही दोघे नोकरी करत होतो, कामाला बाई ठेवण्याची ऐपत तिथल्या मध्यमवर्गाची सहसा नसते, आणि यंत्रे असली तरी यंत्रातून धुऊन निघालेली भांडी फडताळात लावायला आणि कपड्यांच्या घड्या घालायला माणूसच लागते. आमच्या इमारतीत झाडलोटीच्या आठवड्याची पद्धत होती. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दारावर एक पाटी लटकवली जाई आणि त्या आठवड्यात जिना, पायऱ्या आणि दारासमोरची फरसबंदी त्या कुटुंबाने स्वच्छ ठेवायची, मग ते कुटुंब डॉक्टरचे असो की ट्रामचालकाचे. स्टुटगार्टच्या आसपासच्या भागात ही पद्धत जुनी आहे आणि लोक तिच्यावर विनोदही पुष्कळ करतात. पाटी आमच्या दारावर आली की मुलीला तिचे भारी अप्रूप वाटे. कचरा कागदाचा वेगळा, वेष्टनांचा वेगळा, ओला वेगळा आणि उरलेला वेगळा, हे तिला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होते. त्यातले काहीही आम्ही 'शिकवले' असे म्हणता येणार नाही; सगळी इमारतच तसे करत होती.

इथे आल्यावर ही सवय पाहता पाहता विरघळली. मुलाने जेवून ताट उचलायला हात घातला की आजीचा हात आधी पुढे येई. "ठेव रे राजा, मी घेते." मुलगी अंथरूण घडी घालायला लागली की आत्या म्हणे, "तू अभ्यास कर, मी करते." पाणी प्यायचे असेल तर पेला भरून हातात मिळे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मुलांच्या खरकट्या वाट्या घरभर फिरून गोळा करताना पाहिले, तेव्हा मुले आळशी झाली असे मला वाटले नाही. कोणाही शहाण्या माणसाने जे केले असते तेच ती करत होती. काम करायला माणसे उभी असताना आपण कशाला करायचे, हा हिशेब सात वर्षांच्या मुलालाही कळतो.

परदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे इथे एक सोपे अनुमान काढतात, की तिकडे मुले स्वावलंबी होतात आणि इकडे लाडावतात. मला ते पटत नाही, कारण आमच्याच वाडीतली मुले माझ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त कामे करतात. पलीकडच्या घरातली मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. ती शाळेतून आल्यावर गुरांना पाणी दाखवते, धाकट्या भावाला भरवते आणि संध्याकाळी कुकर लावते. शाळेत पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर सगळी मुले रांगेने नळावर जाऊन आपापल्या ताटल्या-वाट्या धुतात, वर्ग झाडण्याच्या पाळ्या असतात, आणि माझी मुलेही तिथे बिनतक्रार ते करतात. तेव्हा प्रश्न देशाचा नाही. घरात थोडा पैसा आहे, प्रेम करायला मोकळा वेळ असलेली वडीलधारी माणसे आहेत, आणि लांबून परत आलेली नातवंडे आहेत. हे तीन एकत्र आले की मुलांच्या वाट्याला काही उरत नाही.

सासूबाईंशी याविषयी बोलणे हा सर्वांत नाजूक भाग होता. "आई, त्यांना करू द्या" असे मी म्हणत असे आणि त्या "लहान आहेत गं, पुढे जन्मभर करायचंच आहे" असे म्हणत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनी स्वतः लहानपणी विहिरीवरून कळशा वाहिल्या आहेत, पहाटे उठून जात्यावर दळले आहे. आपल्याला जे करावे लागले ते नातवंडांना करावे लागू नये, यातच त्यांना आयुष्याचे सार्थक दिसते. स्वावलंबन, व्यक्तिमत्त्वविकास वगैरे शब्दांनी या भावनेशी भांडता येत नाही, आणि भांडूही नये असे माझे मत आहे. शिवाय घर त्यांचे आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात नियम करणारी मी कोण?

मार्ग निघाला तो दुसऱ्याच बाजूने. कामे नीट होत नाहीत, याची सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त चीड आहे. नारळाच्या हिरांचा खराटा कसाही ओढून अंगण झाडलेले त्यांना चालत नाही. पाचोळा एका बाजूने घेत यायचे, पावलांचे ठसे मागे राहू द्यायचे नाहीत, आणि झाडून झाल्यावर खराटा उभा न ठेवता आडवा ठेवायचा, असे त्यांचे शास्त्र आहे. ते शास्त्र ऐकणारे घरात कोणी उरले नव्हते. मी त्यांना एवढेच म्हटले की, मला हे येत नाही, माझ्याकडून मुलांना ते येणार नाही, तेव्हा शिकवायचे तुम्ही आणि करायचे त्यांनी. गुरूचे आसन मिळाल्यावर आजीचे हात आपोआप मागे राहू लागले, कारण शिष्याचे काम गुरूने करायचे नसते. तोंड मात्र अखंड चालू असते, आणि मुलांना त्याची हरकत नाही. त्यांना आजीच्या सूचनांची भीती वाटत नाही. मी तेच सांगितले तर वाटते.

दुसरी गोष्ट आम्ही ठरवली ती अशी, की मुलांना 'जरा हात लाव' म्हणून बोलवायचे नाही. जरा हात लावणाऱ्याला काम कधी सुरू झाले, कधी संपले आणि बिघडले तर कोणाचे, यातले काहीच कळत नाही. मोठ्या माणसाच्या आजूबाजूला लुडबुड करून शाबासकी घ्यावी आणि निघून जावे, एवढेच त्याच्या हाती लागते. त्याऐवजी प्रत्येकाला एकेक पूर्ण काम द्यायचे, लहान असले तरी अखंड, आणि ते न झाल्यास घराला जाणवेल असे. मुलाकडे प्यायच्या पाण्याचे तांबे-पेले आणि संध्याकाळी चार्जिंगचे दिवे चार्ज करून ठेवण्याचे काम आले. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे दिवा चार्ज केलेला नसला तर रात्री जेवणाच्या वेळी सर्वांनाच कळते. एकदा तसे झालेही. कोणी काही बोलले नाही, मेणबत्तीवर जेवण झाले, आणि मुलगा जेवता जेवता दोनदा उठून बटण दाबून पाहत राहिला.

मुलीने आगर मागून घेतले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या काही पोफळी आडव्या झाल्या होत्या आणि त्या जागी सासऱ्यांनी नवी रोपे लावली होती. पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत या रोपांना पाणी द्यावेच लागते. पंप तिचा बाबा सुरू करतो. टाकीतून पाटात पाणी आले की पुढचे काम तिचे. एक आळे भरले की पायाने माती ओढून त्याचे तोंड बंद करायचे आणि पुढच्याचे उघडायचे. मातीची गुठळी ओली असेल तर ती वाहून जाते, कोरडी असेल तर पाणी खालून वाट काढते, म्हणून थोडा पाचोळा मिसळून दाबायची, हे तिला आजीने दाखवले. टोकाकडचे आळे उंचावर असल्यामुळे तिथे पाणी पोहोचायला वेळ लागतो आणि शाळेच्या घाईत ते राहून जाण्याचा मोह होतो. पोफळीचे रोप मात्र लगेच बोलत नाही. पाने मलूल होऊन टोकाला पिवळी पडलेली दिसतात, तोवर बरेच दिवस गेलेले असतात. या कामात मला आवडते ते हे, की मला काही तपासायला जावे लागत नाही. आगर बघायला सासूबाई रोज जातातच, आणि झाडाकडे पाहून त्यांना जे कळते ते त्या मुलीला सांगतात, मला नाही.

मे महिन्यातल्या कोकमांची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण जबाबदारी म्हणजे काय ते मला स्वतःला तिथे जास्त स्पष्ट दिसले. आमच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडे आहेत. फळे पिकून लालभडक झाली की ती गोळा करायची, धुऊन फोडायची, आतला गर बियांसकट एका पातेल्यात काढायचा आणि साली वेगळ्या करायच्या. गरात मीठ घातले की त्याला रस सुटतो. साली उन्हात वाळवायच्या, मग त्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी जितकी पुटे बसतील तितके आमसूल काळेभोर, मऊ आणि आंबट होते. बियाही टाकायच्या नसतात, त्यांचे तेल निघते आणि ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. या साऱ्यात अवघड असे काहीच नाही, पण लक्ष सतत लागते. सकाळी ऊन अंगणात आले की जुन्या साडीवर साली पसरायच्या, दुपारी परतायच्या, कोंबड्या आणि कावळे राखायचे आणि संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायच्या. मेच्या अखेरीस वळवाचे ढग केव्हा चढतील सांगता येत नाही, त्यामुळे आभाळाकडे एक डोळा ठेवायचा. हे सगळे मुलीने आपल्याकडे घेतले, आजीच्या देखरेखीखाली.

एका दुपारी ती पलीकडच्या घरी पत्ते खेळायला गेली होती. दक्षिणेकडून आभाळ काळे झाले, वारा सुटला, झावळ्या आपटू लागल्या. सासूबाई पडवीत बसल्या होत्या, त्या उठल्या, अंगणाच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. मुलीच्या नावाने त्यांनी अशी हाक मारली की ती पाखाडीच्या वरच्या घरांपर्यंत गेली असेल. मी काही बोलले नव्हते. मुलगी गडग्यावरून उडी टाकून धावत आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. साडीची दोन टोके धरून तिने पडवीत ओढायला सुरुवात केली, अर्धी सोलं, म्हणजे त्या वाळत घातलेल्या साली, आत आली आणि अर्धी अंगणात सांडून भिजली. तिला रडू आले. आजीने तिला समजावलेही नाही आणि रागावलेही नाही. दोघी जमिनीवर बसून ओली सोलं वेगळी करू लागल्या. मातीत लडबडलेली टाकली, नुसती भिजलेली होती ती सुपात पंख्याखाली पसरली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर पुन्हा मिठाच्या रसात घालून वाळवली. त्यातल्या काहींना नंतर बुरशी आलीच. बुरशीचे आणि चांगले आमसूल एकेक करून नाकाशी धरायला लावून सासूबाईंनी तिला तो फरक दाखवला. बरणीत भरलेल्या आमसुलांवर तिने चिठ्ठी चिकटवली आहे, आणि मुंबईच्या आत्याने त्यातली मागितली तेव्हा किती द्यायची ते तिने ठरवले.

सासूबाई पायरीवर थांबल्या नसत्या तर सगळी सोलं वाचली असती, हे मला मान्य आहे. आमसूल बाजारात मिळते; शृंगारतळीच्या दुकानात हवे तितके मिळते. हे नुकसान घराला सोसण्यासारखे होते, म्हणूनच ते काम मुलीकडे देता आले. जे नुकसान सोसण्यासारखे नाही ते काम मुलांकडे द्यायचे नाही, एवढी साधी रेघ आम्ही आखली आहे. उघड्या विहिरीवर एकट्याने जायचे नाही. पंपाच्या बटणाला हात लावायचा नाही. नारळ सोलायच्या सुळ्याजवळ फिरकायचे नाही. नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सोललेल्या सालींचा, आणि सरपणाचा ढीग हा तर वेगळाच विषय आहे, कारण आमच्या भागात फुरसे या विषारी सापाचे प्रमाण मोठे आहे आणि फुरसे असे पाचोळ्यात, दगडांच्या फटीत, सरपणाखाली दडून बसते. पायात चपला, हातात काठी, आधी ढिगावर दोन-चारदा आपटायचे, मग लांबूनच एक सोडण ओढायचे आणि अंधार पडल्यावर तिकडे जायचेच नाही, हे मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहे. स्टुटगार्टमध्ये त्यांना रस्ता ओलांडताना हिरव्या दिव्याची वाट पाहायला शिकवले होते, त्याच गांभीर्याने.

आपल्याकडेही कायदा यात काही सांगतो. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. मात्र शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात मुलाने आपल्या कुटुंबाला मदत करण्यास मुभा ठेवली आहे. या मुभेचा गैरफायदा घेतला जातो अशी टीका तेव्हा झाली होती आणि ती निराधार नाही. वाडीतल्या काही मुलांचा अभ्यास आंब्याच्या हंगामात मागे पडतो, हे मी पाहते. माझ्या मुलीला आगर हे कौतुकाचे काम आहे आणि तिच्या मैत्रिणीला गुरे ही गरज आहे, हा फरक मला विसरायचा नाही, आणि मुलीलाही तो कळावा असे वाटते. म्हणून 'बघ, ती किती करते' असे उदाहरण आमच्या घरात दिले जात नाही.

मुलाच्या बाबतीत अडचण निराळी होती. मुलीने घरकाम शिकण्याला सासूबाईंचा तत्त्वतः विरोध नव्हताच, फक्त घाई नको होती. मुलाने ताट घासणे मात्र त्यांच्या डोळ्यांना खुपत असे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, सहा वर्षांवरच्या ज्या व्यक्ती घरातली विनामोबदला कामे करतात त्यांच्यात स्त्रियांचा त्यावर जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला होता. मुळात अशी कामे करणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास होते आणि स्त्रिया एक्क्याऐंशी. हे आकडे मी सासूबाईंना ऐकवले नाहीत. मी त्यांना सासऱ्यांची आठवण करून दिली. लग्नाआधी ते मुंबईत गिरगावात चार जणांच्या बिऱ्हाडात राहत आणि पाळीपाळीने भात-आमटी करत, कपडे धूत. त्यांच्या हातच्या पिठल्याची गोष्ट घरात सर्वांना माहीत आहे. हाच माणूस गावी आला की जेवून हात धुऊन उठत असे आणि ताट जागच्या जागी राहत असे. कोकणातले हजारो चाकरमानी असेच होते. मुंबईत चूल फुंकणारे हात गावच्या घरात पाहुण्याचे हात होत, आणि मागे राहिलेल्या बायका घर, शेत आणि गुरे तिन्ही ओढत. "त्यांना येत होतं सगळं," असे सासूबाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "करू देत नव्हतो आम्हीच." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत, अभिमानाच्या सुरात म्हणाल्या, तरी त्यानंतर नातवाच्या ताटावरून वाद झाला नाही.

गणपतीत मुलाला पाटपाणी मिळाले. मुंबई-पुण्याची माणसे आलेली, दोन-दोन पंगती, आणि आमच्याकडे अजूनही त्या दिवशी केळीच्या पानावरच जेवण असते. पाट मांडायचे, पान ओल्या फडक्याने शिरेच्या दिशेने पुसायचे म्हणजे ते फाटत नाही, आणि पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे ठेवायचे. समोरासमोर दोन रांगा असतील तर समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, आणि इथे मुलाची पहिल्या पंगतीत फार तारांबळ उडाली. शेवटी त्याने युक्ती काढली, की स्वतः प्रत्येक पाटावर जाऊन बसायचे, पान लावायचे आणि उठून पुढच्या पाटावर जायचे. पाहुणे ताटकळले, पण एकही पान उलटे लागले नाही. मीठ वर मध्यावर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे वाढण्याचे काम अजून मुलीचे. मुलगा पुढच्या वर्षी त्यावर हक्क सांगणार आहे.

त्याच पंगतीनंतर एका नातेवाईक बाईंनी माझ्या देखत सासूबाईंना म्हटले, "जर्मनीहून आणून मुलांना राबवतायत की काय?" सासूबाईंनी उत्तर दिले, "आमच्याकडे बसून खायची पद्धत नाही." त्यांच्याच तोंडून हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतले.

पैशांबद्दल बरेच जण विचारतात. जर्मनीत रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की अनामत परत मिळते, प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट, आणि ते पैसे आम्ही मुलांना ठेवू देत होतो. त्यामुळे इथे आल्यावर मुलाने आपल्या कामांचे दर ठरवायला घेतले, त्यात पेले भरण्याचा दर जरा चढाच होता. आम्ही नाही म्हटले. बाटल्यांचे पैसे दुकान देत होते. घराला पाणी पाजल्याचे पैसे घराने कोणाला द्यायचे? खाऊचे पैसे त्याला मिळतात ते काम केले तरी आणि चुकवले तरी मिळतात. दोन्हींचा संबंध एकदा जोडला की, आज पैसे नकोत म्हणून काम नको, असे म्हणण्याचा हक्क मुलाला आपणच देतो.

पैशांचा खरा प्रश्न मावशींचा होता आणि तो माझ्या आधी त्यांच्या लक्षात आला. मुले आपापली ताटे घासू लागली तेव्हा दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "वहिनी, माझं काम कमी करताय का?" पगारात काही बदल होणार नाही, हे मी त्यांना त्याच क्षणी सांगितले, आणि नंतर सांगितले ते टिकवलेही. आपल्या मुलांना वळण लावण्याचा खर्च दुसऱ्या बाईच्या चुलीवर पडू नये. आता त्या मोठी भांडी आणि पातेली बघतात, आणि कढईची काजळी राखेने कशी काढायची ते मुलीला दाखवतात. मुलाला त्यांनी एकदा सर्वांसमोर सुनावले, की तुझे ताट बाहेरून तेलकट आहे. त्याने ते पुन्हा घासले. मी सांगितले असते तर त्याने पंधरा मिनिटे वाद घातला असता.

एका बाबतीत मुलांनीच घराला शिकवले. आमच्याकडे ओला कचरा नारळाच्या मुळाशी जातो, पाचोळा खड्ड्यात जातो, आणि प्लास्टिक मात्र पूर्वापार पाण्याच्या चुलीत जात असे. मुलीला ते पाहवेना. तिने पडवीच्या कोपऱ्यात गोणी बांधली, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून त्यात भरते, आणि भंगारवाल्याचा टेम्पो आला की गोणी त्याच्याकडे जाते. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता पिशवी धुतल्याशिवाय कोणी टाकली तर त्याच ओरडतात.

यापुढचा टप्पा गॅसचा आहे. मुलीने भात लावायला शिकावे असे ठरले आहे, दिवाळीची सुट्टी लागल्यावर, कोणीतरी मोठे माणूस जवळ उभे असताना. सासूबाईंची अट अशी, की कपाने मोजून पाणी घालायचे नाही, तांदळावर बोटाचे एक पेर बुडेल इतके घालायचे, आणि नवा तांदूळ की जुना हे आधी दाताखाली धरून पाहायचे. मुलालाही तेच करायचे आहे, पण त्याचा हात अजून ओट्यावर नीट पोहोचत नाही, तेव्हा तांदूळ निवडून धुण्यावर त्याला सध्या समाधान मानावे लागेल. धुवणाचे पाणी मोरीत ओतायचे नाही, कढीलिंबाला घालायचे, हे आजीने त्याला आधीच सांगून ठेवले आहे.